दुपारी फवारलेलं औषध वाटेतच आटतं

द्राक्षाच्या गोडी छाटणीनंतर (फळासाठी ऑक्टोबरच्या सुमारास होणारी) तीन-पाच पानं फुटली, आभाळ आलं, पहाटे दव पडू लागलं, की डाउनी (केवडा रोग) दारात उभा. या दिवसांत द्राक्षबाग जाते ती बहुतेक वेळा औषध हलकं निघालं म्हणून नव्हे, तर मजूर आणि ट्रॅक्टरच्या सोयीनं फवारणी अकरा ते चारमध्ये उरकली म्हणून.

दोन थर्मामीटर घ्या. एकाच्या फुग्याला ओलं सुती फडकं गुंडाळून सावलीत वारा घाला. पाच मिनिटांनी दोन्हींतला फरक बघा. थेंबाच्या मायक्रॉनमधल्या (मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचा वर्ग करा, त्याला 80 नं आणि मग या फरकानं भागा. साधारण तेवढे सेकंद थेंब जगतो. दुपारी 32 अंश आणि 40 टक्के आर्द्रता असली की फरक 10 च्या घरात जातो. 100 मायक्रॉनचा थेंब साडेबारा सेकंदांत आटतो, 50 चा तीन सेकंदांत, वीतभरही खाली यायच्या आत. मागे उरते ती वाऱ्यावरची भुकटी. सकाळी फरक 4 असताना तोच 100 चा थेंब 31 सेकंद टिकतो.

फरक 2 ते 8 असताना फवारा. 10 च्या वर ब्लोअर (पंख्याचा फवारणी पंप) काढूच नका. थर्मामीटर नसेल तर बांधावरचा ठोकताळा: दंडावरचा घाम बघता बघता सुकत असेल तर थांबा.

उलटी चूक दवाची. ओल्या पानावर पडलेले थेंब दवात मिसळून ओघळतात. ‘पान टपकेपर्यंत मार’ हा सल्लाही तसलाच. 100 मायक्रॉनचे आठ थेंब एक झाले की 200 चा एकच उरतो. आठ जागा झाकायच्या, तिथे एक झाकली जाते. वर दुकानदारानं गळ्यात मारलेलं महागडं सिलिकॉन (औषध पानावर पसरवणारं द्रव्य) जास्त पडलं तर पाणी पसरून खालीच गळतं. ते पैसे नव्या डिस्कला (नोझलमधली भोकाची चकती) लावा.

आधी एवढं उरका:
- गाळणी, नळ्या धुणे
- नव्या डिस्कपेक्षा 10 टक्के जास्त पाणी गेलं की डिस्क बदलणे
- मँकोझेब 75 डब्ल्यूपी (पाण्यात मिसळायची बुरशीनाशक भुकटी), लिटरला 2 ग्रॅम. काढणीपूर्व कालावधी लेबलवर पाहणे
- हातमोजे, मास्क

पाणी वाढवायला दाब वाढवू नका. दुप्पट पाण्याला चौपट दाब लागतो, आणि थेंब आणखी बारीक होऊन दुपारी आणखी लवकर आटतात.

डाउनी पानाच्या खालच्या बाजूनं शिरतो, म्हणून तपासणी तिथेच करा. टाकीत नुसतं पाणी आणि कपड्याची नीळ घाला, झेरॉक्स कागदाचे तुकडे पानांखाली स्टेपल करा, एक फेरी मारा. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत 50 ते 70 सुटे ठिपके हवेत. ओघळ दिसले तर पाणी कमी करा. कागद कोरा राहिला तर नोझलचा कोन आणि घड्याळ बघा. नवी बाटली आणायला धावू नका.

सकाळी जमलंच नाही तर ऊन उतरल्यावर फवारा, पण दव पडायच्या आत पान सुकायला दोन तास हातात ठेवा.