प्रोप्रायटरशिप, भागीदारी की एलएलपी? आधी कराचा हिशेब मांडा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये गाळा घेतला रे घेतला की कुणीतरी सांगतंच, ‘एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) कर, वजन पडतं.’ त्या वजनाची किंमत रिटर्न भरताना कळते.

समजा, वर्षाचा निव्वळ नफा १० लाख आहे. धंदा एकट्याच्या नावावर (प्रोप्रायटरशिप) असेल तर हा नफा तुमचं वैयक्तिक उत्पन्न धरला जातो. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत रिबेट, म्हणजे करमाफी आहे, त्यामुळे दुसरं उत्पन्न नसेल तर कर शून्य. हा रिबेट व्यक्तीला मिळतो, फर्मला नाही. म्हणून भागीदारी किंवा एलएलपीत पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस (उपकर), म्हणजे ३ लाख १२ हजार.

दोघे मिळून धंदा करत असाल तर हा आकडा खाली आणता येतो. काम करणाऱ्या भागीदारांना मेहनताना द्या: नफ्यातल्या पहिल्या ६ लाखांवर ९० टक्के किंवा ३ लाख, यातलं जे जास्त ते, आणि उरलेल्यावर ६० टक्के. १० लाखांवर ५.४० अधिक २.४०, असे ७.८० लाख वजा होतात. मागे राहिलेल्या २.२० लाखांवर कर ६८,६४० रुपये. भांडवलावर १२ टक्क्यांपर्यंत व्याजही वजा होतं. गोची एकच: हे सगळं भागीदारीपत्रात लिहिलेलं हवं. बाजारातून आणलेल्या छापील मसुद्यात नेमकं हेच कलम मोघम असतं, आणि मागच्या तारखेची दुरुस्ती चालत नाही. शिवाय एका भागीदाराला वर्षात मेहनताना व व्याज मिळून २० हजारांच्या वर दिले की १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कर, कापावा लागतो.

उलाढाल २ कोटींच्या आत असेल तर अनुमानित नफ्याची योजना बघा: बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के, रोखीवर ८ टक्के नफा धरायचा. वह्या-ऑडिटची कटकट नाही, आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकदाच. एलएलपीला ही योजना नाही. वाशीच्या एपीएमसीतले आडते कमिशनवर काम करतात, त्यांनाही नाही. आणि एकदा सोडली की पुढची पाच वर्षं परत घेता येत नाही.

‘पण एलएलपीत घरादारावर टाच येत नाही ना?’ ज्यांची उधारी तुम्ही देणं लागता त्यांच्यापुरतं खरं आहे. बँक मात्र कर्ज देताना भागीदारांची वैयक्तिक हमी लिहून घेतेच. परका भागीदार, मोठी उधारी किंवा नुकसानभरपाईचा धोका असलेलं काम असेल तरच एलएलपी. साधी भागीदारी केलीत तर ती रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदवा. नोंद नसलेल्या फर्मला थकबाकीदारावर कोर्टात वसुलीचा दावा लावता येत नाही.

नोंदण्यांत घाई नको. गुमास्ता (दुकान-आस्थापना नोंदणी): नोकर वीसच्या आत असतील तर फक्त ऑनलाइन सूचना पुरते. व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० रुपये, ३० जूनपर्यंत. उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी) नोंदणी फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. नवी मुंबईत रबाळे-महापेतल्या कंपन्यांना जॉबवर्क करून देणाऱ्यांनी तर ती चुकवूच नये: लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तर फार तर ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर पैसे चुकते होईपर्यंत तो खर्च कंपनीला वजा मिळत नाही. पुढच्या बिलावर उद्यम क्रमांक छापा. नुसत्या खरेदी-विक्रीच्या धंद्याला हा फायदा नाही.

जीएसटी मालासाठी ४० लाख, सेवेसाठी २० लाख उलाढालीनंतर सक्तीचा; माल राज्याबाहेर विकत असाल तर पहिल्या बिलापासून. ‘असू दे’ म्हणून नंबर काढला की शून्य रिटर्नही वेळेत भरावं लागतं, उशीर झाला तर दिवसाला २० रुपये. अर्ज बहुतेक वेळा जागेच्या कागदांवर अडतो. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच लागतो, नुसतं नोटरी केलेलं चालत नाही. वीजबिलावरचं नाव आणि करारातल्या मालकाचं नाव वेगळं असेल तर आधीच संमतिपत्र घेऊन ठेवा. त्रुटीची नोटीस आली की उत्तराला कामकाजाचे सातच दिवस मिळतात.