पट्टीतले ४५ किलो आणि गिट बायसेक्ट

लातूरच्या आडत बाजारासाठीच्या हिशोबपट्टीच्या प्रोग्रॅममध्ये सोयाबीनचं वजन १२.४५ क्विंटल टाकलं, तरी रक्कम १२ क्विंटलचीच निघायची. शेतकऱ्याचे ४५ किलो गायब! जुनी आवृत्ती बरोबर होती. मधे ५००च्या आसपास कमिट, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदी. चूक नेमक्या कोणत्या कमिटने आली हे शोधायला गिटची (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) ‘बायसेक्ट’ ही कमांड लावली: स्टार्ट, मग चालू कमिटला ‘बॅड’, जुन्या आवृत्तीच्या टॅगला (नाव दिलेल्या कमिटला) ‘गुड’. गिट दर वेळी उरलेल्यांतलं मधलं कमिट तपासायला देतं आणि यादी निम्मी होते, त्यामुळे साधारण नऊ तपासण्यांत काम होतं.

तपासणी हाताने करू नका. तपासणीची स्क्रिप्ट ‘बायसेक्ट रन’ला द्या: बरोबर असेल तर एक्झिट कोड (स्क्रिप्ट संपताना देते तो आकडा) ०, चूक असेल तर १, बिल्डच होत नसेल (कोडमधून चालणारा प्रोग्रॅमच तयार होत नसेल) तर १२५, म्हणजे ‘हे कमिट वगळा’. हा १२५ द्यायचा विसरला की तुटकं बिल्डही ‘बॅड’ ठरतं आणि भलतंच कमिट दोषी निघतं. स्क्रिप्ट रेपॉझिटरीबाहेर (गिट सांभाळतं त्या फोल्डरबाहेर) ठेवा. कमिट केलेली असेल तर जुन्या कमिटांवर ती नसतेच.

दोषी कमिटमध्ये वजनाचा रकाना पूर्णांक झाला होता, पण सोबत छपाई आणि फॉन्टचेही बदल कोंबलेले, म्हणून खरी ओळ शोधण्यातच जास्त वेळ गेला. एका कमिटमध्ये एकच बदल हवा, तो यासाठी. आता वजन ग्रॅममध्ये साठवतो: १२.४५ क्विंटल म्हणजे १२,४५,००० ग्रॅम. याच आकड्याची टेस्टही जोडली. शेवटी ‘बायसेक्ट रीसेट’ द्या, नाहीतर जुन्याच कमिटवर काम सुरू राहतं.