पुण्यात नवीन आलात आणि लाईट बिल जास्त आलं, तर आधी काय बघायचं आणि कुठं जायचं

दरवर्षी जून-जुलैत गावाकडची पोरं-पोरी पुण्यात येतात, कोणी वाकडला, कोणी धानोरीत, कोणी सिंहगड रोडला फ्लॅट घेतं, दोन-चार महिने बरे जातात आणि दिवाळीनंतर थंडी पडली की फोन सुरू होतात. दादा, लाईट बिल एवढं कसं आलं, पुण्यात लाईट महाग आहे का? मी लातूरकडून इथं येऊन आता बरीच वर्षं झाली, त्यामुळं हा प्रश्न ओळखीच्या बहुतेक सगळ्यांकडून ऐकलाय. तर पहिलं उत्तर हे की पुण्यात लाईट महाग नाही. लातूर, अकोला, पुणे, सगळीकडं महावितरणच आहे आणि घरगुती युनिटचा दर तोच आहे. मुंबईत बेस्ट, अदानी, टाटा आहेत, तिथलं गणित वेगळं, पण तुमचं तसं नाही. दर तोच असून बिल तिप्पट-चौपट आलं तर एकतर तुमचा वापर खरंच वाढलाय, नाहीतर ते युनिट तुमचे नाहीतच. यातलं कुठलं ते शोधल्याशिवाय पैसे पण भरू नका आणि भांडायला पण जाऊ नका.

बिल हातात आलं की खालची रक्कम नंतर बघा. आधी चालू रीडिंग, मागील रीडिंग आणि एकूण युनिट बघा. बिलावर मीटरचा फोटो छापलेला असेल तर त्यातला आकडा आणि चालू रीडिंग जुळतं का ते बघा, फोटो काळा किंवा धूसर असेल तर तिथंच शंका घ्या. रीडिंगच्या ठिकाणी आकड्याऐवजी लॉक, फॉल्टी किंवा रीडिंग उपलब्ध नाही असं काही असेल तर ते बिल सरासरीचं आहे, म्हणजे कोणी मीटर वाचलेलंच नाही, मागच्या वापरावरून अंदाजानं टाकलंय, आणि तो मागचा वापर तुमच्या आधीच्या भाडेकरूचा असू शकतो. मग थकबाकी आणि समायोजित रक्कम हे रकाने बघा. कितीतरी वेळा मोठ्या बिलामागं फक्त आधीच्या माणसानं न भरलेलं बिल असतं.

नंतर पार्किंगमध्ये जा, मीटर तिथंच असतात. वॉचमनला सांगून बॉक्स उघडून घ्या आणि बिलावरचा मीटर नंबर शोधा. बॉक्सवर पेंटनं लिहिलेल्या फ्लॅट नंबरवर जाऊ नका, तो पुसलेला असतो किंवा चुकीचा असतो, मीटरवर छापलेला नंबरच खरा. डिस्प्लेवर तारीख, वेळ, मग बरेच आकडे एकामागून एक येत राहतात, त्यातला केडब्ल्यूएच लिहिलेला आकडा म्हणजे तुमचं रीडिंग, बाकीचे सोडून द्या. तो आकडा बिलातल्या चालू रीडिंगपेक्षा थोडा जास्तच असायला पाहिजे कारण मधे काही दिवस गेलेत. कमी असेल तर बिल चुकलंय, एवढं सरळ आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी कोणी करत नाही. एकाला मीटरपाशी उभं करा, दुसऱ्यानं फ्लॅटमधला मेन स्विच बंद करायचा, फोन चालू ठेवा. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो, वीज वापरली जाईल तसा तो लुकलुकतो. मेन बंद केल्यावर तो थांबला पाहिजे. नाही थांबला तर एकतर ते मीटर दुसऱ्याच फ्लॅटला जोडलंय, नाहीतर मधेच कुठंतरी तुमच्या लाईनवरून कोणीतरी वीज घेतंय. आमच्याच बिल्डिंगमध्ये समोरासमोरच्या दोन फ्लॅटच्या वायरी बांधकामाच्या वेळीच अदलाबदल झालेल्या होत्या, एका घरात म्हातारे आजी-आजोबा दोघंच, समोर पाच जणांचं कुटुंब आणि एसी, आणि बिल मात्र आजोबा भरत होते, कितीतरी महिने. त्यांना वाटायचं फ्रिज जुना झालाय म्हणून येतंय. मेन बंद करून दिवा बघितला तेव्हा दोन मिनिटात कळलं. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की नवीन घरात सामान लावायच्या आधी ही टेस्ट करा.

दिवा नीट थांबला तर मग एकेक एमसीबी, म्हणजे फ्लॅटमधल्या बोर्डावरचे वेगवेगळ्या लाईनचे छोटे स्विच, चालू करून बघा. मीटरवर एका युनिटला किती पल्स, म्हणजे दिवा किती वेळा लुकलुकतो, ते छापलेलं असतं. समजा 3200 असेल, तर 2 किलोवॅटचा गीझर चालू केला की दिवा मिनिटाला शंभरच्या वर लुकलुकणार, आणि 10 वॅटचा एलईडी बल्ब लावला तर मिनिटाला एकदासुद्धा धड नाही. एखादा एमसीबी चालू केला, त्यावर काहीच लावलेलं नाही, तरी दिवा भराभर चालला तर वायरिंगमध्ये लीकेज आहे, चांगला वायरमन बोलवा, हे बिलापुरतं नाही, शॉक बसायचं पण काम आहे.

एवढं सगळं करून मीटर तुमचंच निघालं आणि रीडिंग पण बरोबर निघालं तर मग वापराकडं यायचं, आणि इथं स्लॅब समजून घ्यायला पाहिजे. 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या पुढं असे घरगुती टप्पे आहेत. 100 च्या वर गेलं की सगळे युनिट महाग होतात असं पुष्कळांना वाटतं, तसं नाही, पहिले 100 स्वस्तातच धरतात, वरचेच महाग. पण 101 पासूनचा दर पहिल्या टप्प्याच्या जवळपास दुप्पट आहे. त्यामुळं 100 युनिटचे 300 युनिट झाले तर युनिट तिप्पट पण विजेचा आणि वहनाचा (वीज तारांमधून घरापर्यंत आणायचा) आकार मिळून जवळपास पाचपट होतो. वर दर महिन्याचा स्थिर आकार, इंधनाच्या खर्चाप्रमाणं बदलणारं इंधन समायोजन, आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. गावाकडं घरात 80-90 युनिट जळायचे ते सगळे स्वस्तातले, इथं तुम्ही चौघं एका मीटरवर राहता आणि 300 च्या वर जाता, म्हणून पुणे महाग वाटतं.

थंडीत हे का होतं ते सांगतो. आपल्याकडं अजून कितीतरी घरात बंब किंवा चूल असते, पाणी तापवायला लाईट लागतच नाही. इथं 15 लिटरचा 2 किलोवॅटचा गीझर थंडीत पूर्ण तापायला वीस-पंचवीस मिनिटं घेतो, म्हणजे पाऊण युनिट. चौघांच्या चार आंघोळी म्हणजे रोजचे 3 युनिट, महिन्याला 90. म्हणजे स्वस्तातले 100 युनिट जवळपास सगळे नुसत्या आंघोळीत गेले, त्यानंतरचा पंखा, फ्रिज, लॅपटॉप, वॉशिंग मशीन सगळं महागातल्या दरानं. आणि हा हिशोब वेळेवर बंद करणाऱ्यांचा आहे. रात्रभर चालू ठेवलात, किंवा एकाची आंघोळ झाल्यावर दुसरा दोन तासांनी उठणार म्हणून तसाच राहिला, तर पाणी थंड होतं आणि तो परत परत तापवत राहतो. एकामागून एक आंघोळी उरका, हा साधा नियम घरात लावून घ्या, भांडण झालं तरी चालेल. खराडी, वाघोली, उंड्रीकडं बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी असतं, त्यानं कॉइलवर क्षार चढतात आणि पाणी तापायला वेळ लागतो, तर वर्षातून एकदा गीझर साफ करून घ्या.

आणि हो, फ्लॅट घेताना मालकाला विचारा की सोलरचं गरम पाणी येतं का आणि कुठल्या बाथरूमला. पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांच्या गच्चीवर सोलर वॉटर हीटर आहेत, महापालिका त्यासाठी मिळकतकरात सवलत पण देते. पण ते पाणी बहुतेक एकाच बाथरूमला असतं आणि सकाळी ठराविक वेळेतच येतं, त्यात नळ सोडल्यावर सुरुवातीला पाईपमधलं गार पाणी येतं ते बघून नवीन माणूस नळ बंद करतो आणि गीझर लावतो. ते गार पाणी बादलीत धरून ठेवा, जरा थांबा, मागनं कढत पाणी येतं.

एसीचं थोडक्यात सांगतो. दीड टनाचा एसी रात्रभर चालला तर साधारण 8 युनिट धरा, महिन्याला 240. पुण्यात एप्रिल-मेमध्ये दुपारी भाजतं पण बऱ्याचदा रात्री हवा सुटते, आपल्या नांदेड-परभणीसारखं पहाटेपर्यंत उकडत नाही. झोपताना दोन तास 26 वर लावा, पंखा हळू ठेवा, मग एसी बंद करून खिडकी उघडा. जुना साधा पंखा 75 वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी म्हणजे नव्या प्रकारच्या मोटरचा पंखा 30 च्या आसपास, त्यामुळं स्वतःचा घ्यायचा असेल तर तोच घ्या, घर सोडताना काढून नेता येतो. सोडून जाणाऱ्या भाडेकरूकडून जुना फ्रिज स्वस्तात मिळतो, तो घ्यायच्या आधी दाराच्या रबरात कागद धरून ओढून बघा, सहज निघाला तर तो फ्रिज दिवसरात्र चालत राहणार.

आता बिल खरंच चुकलंय असं निघालं तर काय करायचं. मीटरचा तारखेसकट फोटो काढा, बिलाची झेरॉक्स लावा आणि आपल्या भागाच्या महावितरण ऑफिसला अर्ज द्या. अर्जात पाल्हाळ नको. ग्राहक क्रमांक 12 आकडी, मीटर नंबर, बिलात रीडिंग अमुक, आज मीटरवर रीडिंग तमुक, बिल दुरुस्त करून द्यावे, बास. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, पोच नसेल तर तुम्ही तिथं गेलाच नव्हता असं धरा. महावितरणच्या ॲपवर आणि 1912 वर पण तक्रार घेतात, तिचा नंबर लिहून ठेवा. दोन-तीन महिने लॉक पडून एकदम रीडिंग आलं असेल तर सगळे युनिट एकाच महिन्यात धरून वरच्या स्लॅबमध्ये टाकू देऊ नका, ते युनिट तितक्या महिन्यांत वाटून स्लॅबचा फायदा द्यावा लागतो, हे अर्जात स्पष्ट लिहा. मीटरच पळतंय असं वाटलं तर फी भरून मीटर तपासणी मागा आणि तपासणीला स्वतः हजर राहा.

वाद चालू असताना लाईट कापतील ही भीती सगळ्यांना असते. 2003 च्या वीज कायद्यात कलम 56 आहे, बिल थकलं तरी 15 दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय कनेक्शन तोडता येत नाही, आणि बिलाचा वाद असेल तर निषेध नोंदवून, मागणी केलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम, यातली जी कमी ती भरून ठेवली तर वाद मिटेपर्यंत तोडता येत नाही. म्हणून बिल तसंच पडू देऊ नका, सरासरीएवढं भरा आणि लेखी द्या. खालच्या ऑफिसात काम झालं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहे, वकील लावायची गरज नाही, आपलं आपण मांडता येतं. आणि बिल बरोबर आहे पण एकदम भरणं जमत नाही, असं असेल तर हप्ते मागा, लाजू नका.

एक बिल असं येतं की नवीन माणूस हमखास घाबरतो. उन्हाळ्यात नेहमीच्या बिलाबरोबर दुसरं वेगळं बिल येतं, त्यावर अतिरिक्त सुरक्षा ठेव असं लिहिलेलं असतं. वर्षभराचा वापर वाढला तर ठेव वाढवून मागतात, ती ग्राहकाच्या नावावर जमा राहते आणि तिच्यावर व्याज मिळतं. मीटर मालकाच्या नावावर असेल तर ही ठेव मालकाची, भाडेकरूची नाही. हे मालक काकांशी नीट, शांतपणे बोला, आणि भरलीच तर घर सोडताना परत घ्यायची हे करारात टाका. करारात अजून एक, पीजी किंवा रूममध्ये सब मीटर, म्हणजे मालकानं लावलेलं वेगळं मीटर, असेल तर युनिटचा दर आकड्यात लिहून घ्या. तोंडी ठरलेला दर दुसऱ्या महिन्यात बदलतो.

पाईपचा गॅस असेल तर एमएनजीएलचं (महाराष्ट्र नॅचरल गॅस कंपनीचं) बिल दोन महिन्यांचं मिळून येतं, म्हणून मोठं दिसतं, सिलिंडरशी तुलना करताना दोनानं भागा. त्याचं रीडिंग पण अंदाजानं पडू शकतं, ओट्याजवळच्या मीटरचा फोटो काढून ठेवत जा.

आज रात्री साडेनऊला लाईट कापणार, या मोबाईल नंबरवर फोन करा, असा मेसेज आला तर अजिबात फोन करू नका, कुठलं ॲप डाउनलोड करू नका, ओटीपी देऊ नका. महावितरण असं कुठल्या खासगी मोबाईल नंबरवरून मेसेज पाठवत नाही. थकबाकी आहे का ते ॲपवर ग्राहक क्रमांक टाकून स्वतः बघा. आपल्या गावाकडच्या चांगल्या शिकलेल्या पोरांचे पैसे यात गेलेत, म्हणून जीव तोडून सांगतोय.

राहायला जाताना ताबा घ्यायच्या दिवशी मीटरचा फोटो आणि शेवटचं भरलेलं बिल मालकाच्या समोर व्हॉट्सॲपवर टाका. घर सोडताना पण तेच करा, शेवटच्या रीडिंगपर्यंतचा हिशोब त्याच दिवशी करून टाका, आणि डिपॉझिट परत हातात पडेपर्यंत सगळी बिलं आणि पावत्या जपून ठेवा.