बावन्न आठवड्यांचा हिशेब: व्यावसायिक टेनिसकडे वळणाऱ्या मुलींसाठी

गेल्या वर्षभरात आमच्या भागातील पाच-सहा मुलींनी आणि त्याहून अधिक पालकांनी मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे. मुलगी राज्य पातळीवर जिंकते, राष्ट्रीय क्रमवारीतही नाव आले आहे, आता तिला व्यावसायिक टेनिसमध्ये उतरवावे का? या प्रश्नाचे अधिकारवाणीने उत्तर द्यावे एवढी मोठी खेळाडू मी नाही. एकेरीतील माझे सर्वोत्तम स्थान हजाराच्या थोडे आत होते आणि तेही मला पुढच्या वर्षी राखता आले नाही. ते का राहिले नाही, एवढे मात्र मला नेमके ठाऊक आहे, आणि म्हणूनच हे लिहीत आहे.

ज्या मुली इथवर पोहोचल्या आहेत त्यांना आयपिन (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा खेळाडू-नोंदणी क्रमांक) कसा काढायचा, डब्ल्यू १५ (महिलांच्या व्यावसायिक स्पर्धांची सर्वांत खालची पायरी) आणि डब्ल्यू ३५ (तिच्या वरची पायरी) यांत फरक काय, पात्रता फेरीत नाव कसे लागते, हे सांगण्याची गरज नाही. दोन-तीन गोष्टींची फक्त आठवण करून देते. प्रवेशिका भरण्याची मुदत स्पर्धेच्या सोमवारच्या अठरा दिवस आधी, गुरुवारी, आपल्या घड्याळाप्रमाणे सायंकाळी साडेसात वाजता संपते, आणि नाव मागे घेण्याची मुदत तेरा दिवस आधी, मंगळवारी, त्याच वेळी संपते. आमच्या गावात नेमकी त्याच सुमारास वीज जाते, म्हणून मी हे काम दुपारीच उरकते. सामनानिश्चितीविरोधी ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण केलेले असावे, आणि कोणी अनोळखी माणसाने समाजमाध्यमावर गोड बोलून पहिला सेट हरण्याचे पैसे देऊ केले, तर त्याला नकार देऊन भागत नाही, तसा प्रस्ताव आल्याचे कळवावेही लागते. वयाचा नियम पालकांनी स्वतः वाचावा. चौदा वर्षे पूर्ण होण्याआधी महिलांच्या व्यावसायिक स्पर्धेत खेळता येत नाही, अठरा पूर्ण होईपर्यंत स्पर्धांच्या संख्येला मर्यादा असते, आणि ही मर्यादा जानेवारी ते डिसेंबर अशी न मोजता एका वाढदिवसापासून पुढच्या वाढदिवसापर्यंत मोजली जाते.

आता माझ्या चुकीकडे येते. २०२४ च्या फेब्रुवारीत आप्पांच्या उसाचे बिल जमा झाले. आमच्या घरात मोठा खर्च बिल आल्यावरच होतो. घराचा स्लॅब असो, विहिरीवरची मोटर असो, ताईचे लग्न असो, सगळे त्याच मुहूर्तावर, आणि माझे टेनिसही त्याच रांगेत. तेव्हा वर्षभर थोडे थोडे खेळण्यापेक्षा हातात पैसे आहेत तोवर सलग सहा आठवडे ट्युनिशियात मोनास्तिरला खेळावे, असे आम्ही ठरवले. मोनास्तिरला एकाच ठिकाणी आठवड्यामागून आठवडा डब्ल्यू १५ स्पर्धा भरतात. एका विमानभाड्यात सहा स्पर्धा होतात, हॉटेल बदलावे लागत नाही आणि हरले तरी सोमवारी पुन्हा नवा ड्रॉ तयार असतो. हिशेब कागदावर इतका चोख होता की तेव्हाच्या सरांनीही त्यावर बोट ठेवले नाही.

खेळही चांगला झाला. पहिल्या आठवड्यात उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि तीन गुण मिळाले, दुसऱ्या आठवड्यात एक, तिसऱ्या आठवड्यात उपांत्य फेरीचे सहा, मग पुन्हा एक, पुन्हा तीन, आणि शेवटच्या आठवड्यात अंतिम सामना हरूनही दहा. एकूण चोवीस गुण झाले आणि जगातील पहिल्या हजार जणींत माझे नाव आले. गावाकडे परतले तेव्हा एसटी थांब्यावर माझ्या अभिनंदनाचा डिजिटल फलक लागला होता आणि त्यावर माझ्यापेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे होते.

गुण बावन्न आठवडे टिकतात हे मला तेव्हाही माहीत होते, तुम्हालाही माहीत आहे. माहीत असणे आणि त्याचा अर्थ कळणे यांत मात्र बरेच अंतर आहे, म्हणून इथे थोडे लांबण लावते. क्रमवारीचे गुण हे हातउसने घेतलेल्या पैशांसारखे असतात. २०२४ च्या मार्चमधील दुसऱ्या आठवड्यात मिळालेले गुण २०२५ च्या मार्चमध्ये त्याच सुमारास परत जातात, आणि त्यांच्या जागी दुसरे गुण तुम्ही आधीच कमावून ठेवले नसतील तर ती जागा रिकामी राहते. माझे जवळजवळ सगळे गुण सहा आठवड्यांत आले होते, याचा अर्थ ते जाणारही सहाच आठवड्यांत होते. एखाद्याने वर्षभराची सारी उसनवारी एकाच पंधरवड्यात केली, तर फेडीच्या पंधरवड्यात त्याच्या दारात किती माणसे उभी राहतील, याची कल्पना करावी.

उरलेल्या वर्षात ते गुण भरून काढता आले असते, असे आता म्हणणे सोपे आहे. पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोल्हापूरच्या पावसात आमची कोर्टे आठवड्यातून दोन दिवस जरी कोरडी मिळाली तरी ते भाग्य समजावे, आणि बिलाचे पैसे मोनास्तिरमध्येच संपले होते. बक्षिसाच्या रकमेतून तिकीट आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांचे हॉटेल एवढेच निघाले होते. डब्ल्यू १५ स्पर्धा जिंकणाऱ्या मुलीला साधारण २,३५० डॉलर मिळतात, तेही कर कापण्याआधी, आणि मुख्य फेरीत पहिल्याच सामन्यात हरणारीला दीडशे डॉलरच्या आसपास मिळतात, गुण शून्य. दिवाळीच्या पुढे-मागे मी भारतातच चार स्पर्धा खेळले, त्यांतील दोनांत एकेक गुण मिळाला. २०२५ च्या जानेवारीत उजवे मनगट दुखू लागले आणि डॉक्टरांनी तीन महिने रॅकेटला हात लावायचा नाही असे बजावले.

त्यानंतर मी घरी बसून दर सोमवारी क्रमवारी पाहत होते. तीन गेले, एक गेला, सहा गेले. शेवटी माझ्याकडे दोन स्पर्धांतील दोन गुण उरले, आणि त्या सोमवारी माझे नाव क्रमवारीत कुठेच सापडेना. मला आधी वाटले की पान नीट उघडले नाही. नियम असा आहे की, किमान तीन स्पर्धांत गुण मिळालेले असतील किंवा एकूण किमान दहा गुण असतील तरच एकेरीच्या क्रमवारीत नाव येते. माझ्याकडे यांपैकी काहीच नव्हते. आणखी एखाद्या स्पर्धेत एकच सामना जिंकला असता, तर तळाशी का होईना, नाव राहिले असते, आणि डब्ल्यू १५ च्या पात्रता फेरीसाठी मला पुन्हा राष्ट्रीय क्रमवारीच्या आधारावर प्रतीक्षा यादीत ताटकळावे लागले नसते. त्या एका सामन्याचा विचार मी आजही करते, आणि तो कोणता असू शकला असता तेही मला ठाऊक आहे. सोलापूरच्या वाटेवर असताना थोडा ताप आला म्हणून मी ज्या स्पर्धेतून माघार घेतली, तीच ती.

या चुकीची दुसरी बाजू पुष्कळ मुलींच्या लक्षात येत नाही. क्रमवारीतील स्थान हे वापरण्याची वस्तू आहे आणि ते ताजे असतानाच वापरावे लागते. डब्ल्यू १५ मध्ये उपांत्यपूर्व फेरी गाठली तर तीन गुण मिळतात, डब्ल्यू ३५ मध्ये मुख्य फेरीतील एकच सामना जिंकला तरी चार, आणि उपांत्यपूर्व फेरीचे आठ. हातात चोवीस गुण असताना मी लगेच पुण्यात किंवा बंगळूरला होणाऱ्या डब्ल्यू ३५ च्या पात्रता फेऱ्यांत नाव घालायला हवे होते. तिथे कदाचित चारदा हरले असते, पण हरण्याचा खर्च कोल्हापूरहून रात्रीच्या गाडीचे तिकीट आणि दोन दिवसांची खोली एवढाच झाला असता. त्याऐवजी मला जिंकण्याची चटक लागली होती आणि ज्या पातळीवर जिंकता येते तिथेच राहावे असे वाटत होते. हे मी स्पष्टच सांगते की, डब्ल्यू १५ मध्ये दोन वर्षांहून अधिक काळ रेंगाळणाऱ्या मुलींनी आपण खेळाडू आहोत की त्या हॉटेलांचे नियमित ग्राहक आहोत, हे स्वतःला विचारावे.

इतके कठोर वाचून कोणी हिरमुसून जाऊ नये. मनगट बरे झाले, मी पुन्हा खेळते आहे, आणि चोविसाव्या वर्षी क्रमवारीबाहेर असणे ही या खेळात जगबुडी मानली जात नाही. बार्शीसारख्या गावातून आलेल्या प्रार्थना ठोंबरे यांनी २०१४ च्या इंचॉन आशियाई क्रीडा स्पर्धेत सानिया मिर्झासोबत महिला दुहेरीचे कांस्यपदक मिळवले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्येही दोघी एकत्र खेळल्या. आमच्या कोल्हापूरचीच ऐश्वर्या जाधव २०२२ मध्ये विम्बल्डनच्या चौदा वर्षांखालील स्पर्धेत खेळून आली. तेव्हा गाव लहान आहे, पावसाळा लांब आहे, ही कारणे मी स्वतःला सांगत असे, पण ती अर्धीच खरी आहेत.

वर प्रार्थना ठोंबरे यांचे नाव घेतले ते दुहेरीबद्दल बोलायचे म्हणूनही. आपल्याकडचे पालक दुहेरीला एकेरीत हरल्यानंतरची करमणूक समजतात. सानिया मिर्झा २००७ मध्ये एकेरीत २७ व्या स्थानी पोहोचल्या होत्या, पुढे दुखापतींमुळे त्यांनी एकेरी सोडली आणि २०१५ मध्ये त्या दुहेरीत जगात पहिल्या आल्या. पुण्यात तयार झालेल्या ऋतुजा भोसले यांनी रोहन बोपण्णासोबत २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकले. ही उदाहरणे शिखरावरची आहेत, पण तळातही हिशेब तोच आहे. दुहेरीत खेळल्याने हॉटेलचा खर्च वाढत नाही, आठवड्याला दोन-तीन सामने अधिक मिळतात, आणि एकेरीत मंगळवारी हरलेली मुलगी शुक्रवारपर्यंत काहीतरी शिकत राहते. पहिल्या दिवसापासून जोडीदार शोधावी, आणि आपल्यापेक्षा सर्व्हिस चांगली असलेली शोधावी.

गुरूंबद्दल माझी मते जरा तिखट आहेत आणि ती सर्वांना पटतील असे नाही. एका मोठ्या शहरातील अकादमीने मला सोळाव्या वर्षी तीन महिन्यांत फोरहँड ‘आंतरराष्ट्रीय’ करून देतो असे सांगितले. त्यांनी माझी पकड बदलली, मनगटावर भार टाकणारा फटका शिकवला आणि नव्वदाव्या दिवशी प्रमाणपत्र दिले. पुढे दुखलेले मनगट त्यामुळेच दुखले असे मी सिद्ध करू शकत नाही, पण तीन महिन्यांत काहीही करून देणाऱ्या माणसापासून दूर राहा, एवढे मी नक्की सांगते. कोल्हापुरात आपण तालमींच्या सावलीत वाढतो. वस्ताद एक डाव राखून ठेवतो असे म्हणतात, पण तो पोराचा घाम रोज पाहतो, त्याने काल काय खाल्ले ते विचारतो आणि हरल्यावर आखाड्याच्या कडेला उभा असतो. टेनिसमध्ये असा माणूस मिळाला तर त्याच्या कोर्टाला भेगा असल्या तरी त्याला सोडू नये. माझ्या पहिल्या सरांना क्रमवारीचे नियम कधीच नीट कळले नाहीत; पण सलग सहा आठवडे खेळून अंग टिकेल का, हे त्यांना नक्की कळले असते. मी त्यांना विचारले नाही. तेव्हा मला ते लहान गावातले वाटत होते.

शिक्षण सोडू नका, यावर मला वाद घालायचा नाही. मी बारावी करून शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून बी. ए. करते आहे. ज्यांना अमेरिकेतील विद्यापीठाकडून खेळायचे आहे, त्यांनी बक्षिसाच्या रकमेबाबतचे आणि प्रवेशाच्या वयाबाबतचे तिथले नियम अकरावीतच समजून घ्यावेत, कारण व्यावसायिक स्पर्धा आधी खेळून मग तिकडे जाऊ म्हणणाऱ्यांची वाट तिथे अडू शकते. ऋतुजा भोसलेही अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळल्या होत्या, त्यामुळे विद्यापीठाची वाट ही काही माघारीची वाट नव्हे.

या वर्षीपासून मी वेगळ्या पद्धतीने आखणी करते. साखर कारखान्याकडून घरोघरी येणारे भिंतीवरचे कॅलेंडर मी खेळासाठी घेतले आहे. ज्या आठवड्यात गुण मिळतात त्या चौकटीत ते निळ्या शाईने लिहिते आणि लगेच पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरसाठी वहीत तोच आकडा लाल शाईने टिपून ठेवते. कोणत्याही महिन्यात एकतृतीयांशाहून अधिक गुण लाल होऊ नयेत, एका वेळी तीन आठवड्यांहून अधिक सलग खेळू नये, आणि लाल आकडा येण्याच्या दोन महिने आधी त्याची भरपाई करणारी स्पर्धा ठरलेली असावी, एवढेच नियम मी स्वतःला घालून घेतले आहेत. उसाचे बिल आले की त्याचे चार भाग होतात आणि प्रत्येक भागाचे पाकीट आईच्या कपाटात असते. रॅकेटचे गटिंग आणि फिजिओ यांचे पाकीट वेगळे आहे, कारण मागच्या वेळी आम्ही त्यातूनच हॉटेलचे पैसे भरले होते.

आप्पांना ही लाल-निळ्या शाईची भानगड अजून फारशी पटलेली नाही. परवा त्यांनी कॅलेंडरकडे पाहून विचारले, पुढच्या मार्चच्या पानावर एवढेच दोन का? मी म्हटले, उरलेले जुलैत आणि नोव्हेंबरात आहेत. जुलैला तर पाऊस असतो, ते म्हणाले. म्हणून जुलैचे तीन आठवडे बाहेरगावी, जिथे कोर्ट कोरडे असेल तिथे, असे ठरले आहे, आणि त्यांतील पहिल्या स्पर्धेची प्रवेशिका येत्या गुरुवारी साडेसातच्या आत भरायची आहे.