किरणोत्सारी पदार्थांच्या परवान्याचे नूतनीकरण

सोलापुरातील प्रयोगशाळेने परवाना नूतनीकरणाचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात नव्हे, तर मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे, ‘ई-लोरा’ या ऑनलाइन प्रणालीतून करावयाचा असतो. मुदतीच्या काही महिने आधी किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्याच्या मान्यतेची तारीख पाहावी. ती मान्यता परवान्याआधीच संपत असेल, तर तिच्या नूतनीकरणाचे काम प्रथम उरकावे.

खरा वेळ साठ्याच्या नोंदवहीत जातो. फॉस्फरस-३२ या किरणोत्सारी पदार्थाचे अर्धायुष्य (किरणोत्सारिता निम्मी होण्यास लागणारा काळ) सुमारे १४.३ दिवसांचे असल्याने तीन महिन्यांपूर्वी आणलेल्या कुपीत आज जेमतेम सव्वा टक्का किरणोत्सारिता उरते, तरीही वहीत खरेदीच्या दिवशीचाच आकडा राहून जातो; क्षय मोजून तो दुरुस्त करावा. कार्बन-१४ ला, अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षांचे असल्याने, वहीतला आकडा असा घटवता येत नाही.

टीएलडी बिल्ल्यांचे (कर्मचाऱ्यांना मिळालेली किरणोत्साराची मात्रा मोजणाऱ्या बिल्ल्यांचे) अहवाल आणि किरणोत्सार मापकाचे अंशांकन (कॅलिब्रेशन) प्रमाणपत्रही हाताशी ठेवावे.