ईव्हारच्या केसमध्ये सीटीचा ओव्हरले कसा लावायचा

कॅथलॅबमध्ये नवीन लागलेल्या टेक्निशियन मंडळींसाठी लिहितोय. ईव्हार म्हणजे पोटातली एऑर्टा (मुख्य धमनी) फुगलेली असते, ती जांघेतून स्टेंटग्राफ्ट (जाळीवर कापड चढवलेली नळी) नेऊन आतून बंदिस्त करायची. ब्युनोस आयर्सला सर्जन पारोदींनी १९९० मध्ये अशी केस केली तेव्हा सीटीचं चित्र लाइव्ह एक्सरेवर चढवायची सोय (म्हणजेच ओव्हरले) नव्हती, आता आहे, आणि नीट लावलं तर डाय (एक्सरेत धमन्या दिसाव्यात म्हणून टोचतात ते औषध) कमी लागतो, म्हणजे पेशंटच्या किडन्यांवरचा ताण कमी.

आधी सीटी अँजिओ (डाय देऊन काढलेली धमन्यांची सीटी) बघा, स्लाइस १ मिमी किंवा त्याहून बारीक हवेत. त्यातून एऑर्टा वेगळी काढा आणि दोन्ही रीनलच्या (किडन्यांच्या धमन्यांच्या) तोंडाशी चित्रावर खुणेची रिंग टाका. खालची रीनल कुठली ते डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या, कारण ग्राफ्टचं कापड तिच्या लगेच खाली बसवायचं असतं.

मग जुळवणी. टेबलवरच कोनबीम सीटी (सी-आर्म, म्हणजे C आकाराचं एक्सरे यंत्र, पेशंटभोवती फिरवून काढलेली सीटी) काढली तर जुळवणी जास्त चांगली होते पण रेडिएशन वाढतं, नाहीतर सी-आर्मने एक समोरून आणि एक बाजूने असे दोन फोटो घ्या आणि कंबरेचे मणके मणक्यांवर बसवा. एऑर्टाच्या भिंतीत कॅल्शियम दिसत असेल तर तेही जुळतंय का बघा, मला स्वतःला मणक्यांपेक्षा त्याचा भरवसा जास्त वाटतो कारण ते धमनीचंच असतं.

आता खरी गोची. जाड कडक वायर आत गेली की वाकड्यातिकड्या इलियाक (एऑर्टातून जांघेकडे जाणाऱ्या धमन्या) सरळ होतात, एऑर्टा ढकलली जाते आणि रीनल काही मिलिमीटर सरकतात, पण स्क्रीनवरचं चित्र तसंच राहतं, कारण ते वायर नसतानाच्या सीटीचं आहे. एकदा आमच्या केसमध्ये मणके अगदी तंतोतंत बसलेले आणि रिंग मात्र रीनलच्या चांगलीच खाली, डाय मारून बघितलं म्हणून कळलं, तेव्हापासून मी हे सगळ्यांना सांगत सुटलोय. हाडंच जुळत नसतील तर पेशंट हललाय, जुळवणी पुन्हा करा. हाडं जुळतायत आणि धमनी नाही, तर वायरने किंवा श्वासाने सरकवलीय.

म्हणून ग्राफ्ट उघडायच्या आधी, वायर आणि डिव्हाइस जागेवर असताना, श्वास रोखून थोडासा डाय देऊन डीएसए (हाडं वजा करून फक्त डायने भरलेल्या धमन्या दाखवणारा एक्सरे) घ्याच आणि रिंग त्यावर सरकवून बसवा. सी-आर्मचा कोन एऑर्टाच्या मानेला (रीनलखालचा न फुगलेला भाग) काटकोनात आहे ना तेही बघा, नाहीतर मान आखूड दिसते. उघडताना भरीव रंगाचं चित्र बंद करा, फक्त रिंग ठेवा, वायर आणि ग्राफ्टचे मार्कर स्वच्छ दिसले पाहिजेत.

शेवटच्या अँजिओला मात्र ओव्हरले पूर्ण बंद, बारीकसा एंडोलीक (ग्राफ्टबाहेर फुगवट्यात झिरपणारं रक्त) त्या रंगाखाली सहज लपतो.