नाही म्हटलं की नाहीच

आमचा धाकटा जेवताना मोबाईल मागायचा. मी नाही म्हणायचे, आजी हळूच हातात द्यायची. दुसऱ्या दिवशी तो आणखी जोरात रडायचा.

एके रात्री बायबलमधलं १ शमुवेल हे पुस्तक वाचताना एली याजकापाशी थबकले. दुसऱ्या अध्यायात तो हफनी आणि फिनहास या मुलांना चांगलं खडसावतो. तरी ३:१३ मध्ये देवाचा ठपका हाच, की त्यानं त्यांना आवरलं नाही. नुसतं बोलला. माझंही तेच चाललं होतं.

तेव्हा आधी घरातल्या मोठ्यांनी एकत्र बसा, मुलं झोपल्यावर. सासूबाईंना मी मत्तय ५:३७ वाचून दाखवलं: होय तर होय, नाही तर नाही. त्यांना ते लगेच पटलं. नियम दोन-तीनच ठेवा. पाळता येणार नाही अशी धमकी देऊच नका.

पहिले काही दिवस रडारड होईल. आवाज चढवू नका, ताट समोर असू द्या. मुलांना चिडीस आणू नका, असं इफिसकरांस पत्रात (६:४) बापांना बजावलंय. आज हसून सोडलेल्या गोष्टीवर उद्या फटका दिला, तर मूल चिडणारच.

पाचव्या दिवशी धाकट्यानं मोबाईल मागितला नाही. वरणावर लिंबू पिळून मागितलं.